मध्यरात्रीनंतरचा गवई: ॲलिस स्प्रिंग्जच्या आसपास बुचरबर्डच्या मागावर

पहिला दिवस: ॲलिस स्प्रिंग्ज

पाइड बुचरबर्ड हा ऑस्ट्रेलियातला काळापांढरा पक्षी रात्री गातो. ते गाणं मुद्रित करायला मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावी ही सहा दिवसांची सहल. सिडनी, मेलबर्न, ॲडलेड आणि डार्विनहून ॲलिस स्प्रिंग्जला थेट विमान आहे. विमानतळ गावाच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर. उजेडी पोचेल असंच विमान घ्यावं, कारण गाडी, किराणा आणि पक्ष्याचा ठावठिकाणा ही तिन्ही कामं अंधार पडायच्या आत उरकायची असतात. महिना सप्टेंबर. ऑस्ट्रेलियात तो वसंताचा पहिला महिना आणि पाइड बुचरबर्डच्या रात्रीच्या गाण्याचा हंगाम. दिवसा पारा तिशीकडे झुकतो, पहाटे दहाच्या आसपास येतो, कधी त्याहून खाली. स्वेटर, कानटोपी आणि गरम चहाचा थर्मास यांना पर्याय नाही.

भारतातून येणाऱ्याची पहिली गाठ पडते ती जैवसुरक्षा तपासणीशी. डब्यातल्या लाडूंची काळजी सगळ्यांनाच असते, पण ध्वनिमुद्रणाच्या सामानात खरी अडचण मायक्रोफोनवरच्या, वारा अडवणाऱ्या केसाळ टोपीची. आपल्याकडच्या माळरानावर वापरलेल्या टोपीत कुसळं आणि गवताचं बी हमखास अडकलेलं असतं. ट्रायपॉडच्या पायांच्या पेचांत माती, बुटांच्या खाचांत माती. घरूनच टोपी विंचरून, धुऊन, वाळवून घ्यावी, पेच उघडून ब्रशने साफ करावेत, आणि आगमनाच्या कार्डावर खाण्याच्या जिनसांसकट सगळं जाहीर करावं. जाहीर केलेलं सामान फार तर तपासून साफ करतात किंवा ठेवून घेतात. लपवलेल्यावर दंड होतो.

दुसरं काम घड्याळाचं. ॲलिस स्प्रिंग्जची वेळ भारतापेक्षा चार तास पुढे आहे. फोन आपोआप बदलतो, रेकॉर्डर बदलत नाही. तो भारतीय वेळेवरच राहिला तर पहाटे तीनच्या मुद्रणावर आदल्या तारखेचे रात्रीचे अकरा वाजतात. चार रात्रींच्या फाइल एकत्र झाल्या की कुठली रात्र कुठली, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून गावात पोचताच घड्याळ लावायचं, आणि प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी तारीख, वेळ, जागा आणि वारा हे तोंडी बोलून ठेवायचं. सुरुवातीला बोलू नये, पक्षी गप्प होण्याचा धोका असतो.

संध्याकाळी टॉड नदीच्या काठाने चालायचं. नदी म्हणजे एरवी रुंद वाळूचा पट्टा, काठाने रिव्हर रेड गम जातीचे निलगिरी वृक्ष. पक्षी साधारण ३० सेंटीमीटरचा, म्हणजे साळुंकीपेक्षा बराच मोठा. डोकं, गळा आणि छातीचा वरचा भाग काळा, जणू बुरखा ओढलेला. मानेभोवती रुंद पांढरी पट्टी, पोट पांढरं, पाठ काळी. चोच राखट निळसर, टोकाला काळी आणि आकड्यासारखी वळलेली. याच भागात करडा बुचरबर्डही आहे. त्याचा गळा पांढरा आणि पाठ राखाडी, एवढ्यावर दोघं वेगळे करता येतात. पोरवयातले पक्षी तपकिरी असतात, तिथे घोळ होतो. मग चोच आणि आवाज बघावा.

नाव सारखं असलं तरी हे आपले खाटीक पक्षी नव्हेत. भिगवण किंवा सासवडच्या माळावर बाभळीच्या काट्याला टोळ टोचून ठेवणारा खाटीक लॅनिडी कुळातला. ऑस्ट्रेलियाचे बुचरबर्ड आर्टॅमिडी कुळातले, तिथल्या मॅगपाय आणि करावाँगचे भाऊबंद. दोघांचं नातं दूरचं, धंदा एक. दोघंही गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातले, त्यामुळे ससाण्यासारखे नखांचे पंजे नाहीत, फांदी धरायचे पाय आहेत. भक्ष्य पायात दाबून फाडता येत नाही, म्हणून ते कुठेतरी अडकवावं लागतं. एकाने काटा निवडला, दुसऱ्याने फांदीचं बेचकं किंवा सालीची फट.

दुसरा दिवस: गावातच, पहाटे

पहिली रात्र गावाबाहेर घालवू नये. बुचरबर्ड गावातही मुबलक आहेत, दिव्याच्या खांबांवर बसून रात्री गातात, आणि उपकरणांची रंगीत तालीम बिघाड परवडेल अशा ठिकाणी झालेली बरी. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. मध्यरात्रीनंतर केव्हाही गाणं सुरू होऊ शकतं, उजाडता उजाडता ते संपतं. म्हणून तीनला उठायचं. मुक्कामाच्या जागेपासून पायी जाता येईल अशा दोनतीन जागा आदल्या संध्याकाळी हेरून ठेवलेल्या असाव्यात.

या पक्ष्याला संगीताच्या जगात आणण्याचं मोठं काम ज्यांनी केलं त्या हॉलिस टेलर मूळच्या अमेरिकन. व्हायोलिनवादक, संगीतकार, आणि पक्षिगायनाकडे संगीतशास्त्राच्या अंगाने बघणाऱ्या संशोधक. २००१ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या वोगार्नो स्टेशन या मेंढपाळीच्या मळ्यावर त्यांनी पाइड बुचरबर्ड पहिल्यांदा ऐकला. पुढे त्यावर पीएचडी केली, वर्षानुवर्षं वसंतात रात्री जागून मुद्रणं जमवली, ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवली, आणि त्यांतून वाद्यांसाठी रचना केल्या. त्यांतलीच एक ‘ॲब्सोल्यूट बर्ड’ ही कंचर्टो, रेकॉर्डर म्हणजे युरोपीय उभी बासरी आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी. एकल वादक जेनेव्हीव्ह लेसी. त्याच नावाचा ध्वनिसंच २०१७ मध्ये निघाला. पक्ष्याच्या गाण्याचा ‘आधार’ घेऊन स्वतःची चाल बांधणारे संगीतकार पुष्कळ. टेलर पक्ष्यालाच मूळ रचनाकार धरतात. मुद्रण कसं करायचं हे या भूमिकेवरून ठरतं.

कारण मग सुंदर लकेरींचे तुकडे गोळा करून भागत नाही, गाणं अख्खं लागतं. पाइड बुचरबर्ड एक लकेर घेतो, दोनतीन सेकंदांची, बासरीसारख्या गोल आवाजात. मग थांबतो. मग दुसरी लकेर. पुन्हा थांबतो. असं तासन् तास. नवखा मुद्रक विरामात बटण बंद करतो किंवा घरी येऊन विराम कापून टाकतो. जागा वाचते आणि गाणं हातचं जातं. टेलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये रॉयल सोसायटी ओपन सायन्समध्ये मांडलेला निष्कर्ष याच मुद्द्याचा आहे: ज्या पक्ष्याजवळ लकेरींचा साठा जास्त गुंतागुंतीचा, त्याची कालाची आखणी जास्त नियमित. कोणती आकृती किती वेळाने परत येते हे मोजायचं तर विरामासकट सलग फाइल हवी. एकदा बटण दाबलं की उजाडेपर्यंत हात लावायचा नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइल तासाला जेमतेम १ जीबीच्या वर जाते. साडेतीन तासांची रात्र चार जीबीत बसते. बरेच रेकॉर्डर २ किंवा ४ जीबीला फाइल तोडून नवी सुरू करतात. त्या सांध्यावर काही गळतं का, हे घरीच घड्याळाची टिकटिक मुद्रित करून तपासावं. एमपी३ नको. स्वयंचलित पातळी नियंत्रण बंद, नाहीतर विरामात यंत्र आवाज वाढवत नेतं आणि पुढच्या लकेरीचा पहिला स्वर फाटतो. सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर माना टाकतात, लिथियमचे घ्यावेत.

पॅराबोला (थाळीत बसवलेला मायक्रोफोन) की शॉटगन (एका दिशेचा लांब नळीचा मायक्रोफोन), यावर वाद घालणारे घालतात. साठ सेंटीमीटरची थाळी तिच्या आकाराएवढ्या तरंगलांबीपर्यंतच नीट काम करते, म्हणजे ६०० हर्ट्झच्या खालचं फारसं गोळा करत नाही, आणि वर जावं तसं जास्त जोरात उचलते. लांबचा पक्षी ओळखायला ती उत्तम. पण आवाजाचा पोत बदलतो, आणि संगीतकाराला पोतच तर हवा असतो. शॉटगन किंवा साधी स्टिरिओ जोडी घेऊन जवळ जाणं बरं. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. वीसएक मीटरवर ट्रायपॉड लावून मागे सरकावं आणि नायलॉनचं जाकीट घालून मायक्रोफोनशेजारी उभं राहू नये. कापडाची सळसळ प्रत्येक विरामात ऐकू येते.

गावातली विघ्नं: कुत्रे, एअर कंडिशनर, आणि चारनंतर स्टुअर्ट हायवेवरचे रोड ट्रेन. एका ट्रकमागे तीनतीन डबे, लांबी ५३ मीटरपर्यंत, घरघर कितीतरी आधीपासून. रेकॉर्डरवरचा १५० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज गाळणारी सोय, बराच गाळ काढतो आणि पक्ष्याच्या स्वराला धक्का लागत नाही.

एक पथ्य: फोनवरून मुद्रण वाजवून पक्ष्याला डिवचायचं नाही. विणीच्या दिवसांत तो हद्द राखायला धावतो, आणि मिळतं ते रात्रीचं गाणं नसतं, भांडण असतं.

तिसरा दिवस: ट्रेफिना घळ

सकाळी झोप, दुपारी पूर्वेकडे. रॉस हायवेने ट्रेफिना गॉर्ज ८५ किलोमीटर, डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचे काही किलोमीटर कच्चे. भाड्याच्या गाडीचा करार इथे वाचून घ्यावा. कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, आणि गावाबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवायची परवानगी आहे का? नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्जच्या प्रांतात, बऱ्याच करारांत दोन्हींना नकार असतो. कारण साधं आहे, अंधार पडला की कांगारू आणि कुंपणाबाहेरची गुरं रस्त्यावर येतात. म्हणून ‘पहाटे गावातून निघून पोचू’ हा बेत बादच. जिथे पक्षी, तिथेच मुक्काम.

राष्ट्रीय उद्यानांसाठी टेरिटरीबाहेरच्या पाहुण्यांना पार्क्स पास लागतो आणि तंबूची जागा वेगळी आरक्षित करावी लागते. दोन्ही ऑनलाइन, आणि दोन्ही गावातच उरकावं, पुढे मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. पाणी आणि पेट्रोल गावातूनच भरून घ्यावं. डोक्यावरून घ्यायची माशांची जाळी हास्यास्पद दिसते, दुपारी दोन वाजता दिसेनाशी होते, म्हणजे सगळ्यांनी घातलेली असते.

तंबू रिव्हर रेड गमच्या खाली लावू नये. सावली दाट असते, पण ही झाडं वारा नसतानाही मोठाल्या फांद्या टाकतात.

घळीच्या क्वार्टझाइटच्या तांबड्या भिंतींमध्ये पक्षी गायला लागला की तिथेच यंत्र लावावंसं वाटतं. ऐकायला काय लागतं! लिपी उतरवायला मात्र ते मुद्रण कुचकामी. भिंत ५० मीटरवर असेल तर आवाज १०० मीटरचा फेरा करून सुमारे ०.३ सेकंदाने परत येतो आणि पुढच्या स्वराच्या डोक्यावर बसतो. स्वर कुठे संपला हेच कळत नाही. लिपीसाठी घळीच्या तोंडाबाहेर, मोकळ्या वाळूच्या पात्रात जागा घ्यावी. वाळू आवाज शोषते. घळीतलं मुद्रण स्वतंत्र करावं, रचनेत जागेचा गंध म्हणून ते कामी येतं.

चौथा दिवस: तिथेच

दुसऱ्या रात्रीची मुद्रणं पहिलीपेक्षा नेहमी बरी येतात, कारण तोवर पक्ष्याचा बसायचा खांब ठाऊक झालेला असतो. मुक्कामाच्या जागेवरची विघ्नं निराळी. शेजारच्या कॅम्पर गाडीतला फ्रिज दर काही मिनिटांनी घुमतो, तंबूची चेन कुणी पहाटे उघडतं. अंतर ठेवणं हाच उपाय. लाल प्रकाशाचा डोक्याचा दिवा वापरावा, आणि वाळूत बसण्याआधी खाली बघावं.

दिवसाउजेडी या पक्ष्याचं दुसरं गाणं ऐकायला मिळतं. दोन किंवा जास्त पक्षी मिळून गातात, एकाचा स्वर संपायच्या आत दुसरा उचलतो, आणि दुरून ते एकाच गळ्यातून आल्यासारखं वाटतं. इथे उभं राहायची जागा चुकली तर मोजमाप चुकतं. आवाज ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. एक पक्षी दुसऱ्यापेक्षा तेवढा लांब असेल तर मुद्रणात तो लय सोडून मागे राहिलेला दिसेल, प्रत्यक्षात बिनचूक गात असला तरी. दोघांपासून सारख्या अंतरावर उभं राहावं. जमत नसेल तर दोन्ही अंतरं पावलांनी मोजून तोंडी नोंदवावीत, वजाबाकी नंतर करता येते.

घरटं जवळ असेल तर पक्षी मागून डोक्यावर झेप घेतो. चोच तीच, आकड्याची. टोपी घालावी आणि निघावं, तिथे थांबून मिळवण्यासारखं काही नसतं.

पाचवा दिवस: ऑर्मिस्टन

ट्रेफिनाहून गावात परत, टाकी भरून पश्चिमेला लारापिंटा ड्राइव्ह आणि पुढे नामाटजिरा ड्राइव्ह. ऑर्मिस्टन गॉर्ज गावापासून १३५ किलोमीटर, रस्ता डांबरी. एकूण पल्ला सव्वादोनशेच्या आसपास, म्हणून सकाळी लवकर निघावं. नकाशावर पुढे किंग्ज कॅन्यनला जाणारी मेरीनी लूपची वाट मोह पाडते. ती मूलनिवासींच्या जमिनीतून जाते आणि तिला वेगळा परवाना लागतो. या सहलीत ती नको.

इथे गाण्यापेक्षा शिकार बघण्यात दुपार घालवावी. बुचरबर्ड एका उघड्या फांदीवर बसतो, हलत नाही, मान तेवढी तिरकी करतो. मग सरळ खाली. सरडा असेल तर आधी फांदीवर आपटतो. नंतर बेचक्यात डोकं घालून अडकवतो, बूड मागे टेकवून ओढतो, फाटलं तेवढं गिळतो, उरलेलं तिथेच सोडून परत फांदीवर. बेचकं रुंद असेल तर सरडा निसटून खाली पडतो आणि सगळं पहिल्यापासून. उंदीर, टोळ, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं, काहीही चालतं. लहान पक्ष्यांचा कालवा अचानक उठला की दुर्बीण तिकडे वळवावी.

पहाटेचं मुद्रण इथे वाऱ्यामुळे फसतं. सूर्य वर आला की खोऱ्यातून वारा सुटतो आणि केसाळ टोपीलाही आवरत नाही. सूर्योदयानंतरचं काही हाती लागेल, ही आशा ठेवू नये.

सहावा दिवस: गावातली खोली, टेबल आणि हेडफोन

पहिल्यांदा प्रती. दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक वेगळ्या बॅगेत. फाइलीच्या नावात तारीख, जागा, पक्षी क्रमांक. कार्ड घरी पोचेपर्यंत पुसायचं नाही.

मग ऑडॅसिटीसारख्या साध्या प्रणालीत फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे काळानुसार स्वरांची उंची दाखवणारं चित्र, बघायचा. ४८ किलोहर्ट्झला २०४८ ची खिडकी (एका वेळी मोजायच्या नमुन्यांची संख्या) ठेवली तर स्वर साधारण २३ हर्ट्झच्या पायऱ्यांत दिसतो आणि काळ सुमारे ४३ मिलिसेकंदांच्या. झटकन घेतलेल्या हरकती पुसट दिसल्या तर खिडकी ५१२ करावी. काळ स्पष्ट होतो, स्वर जाडसर होतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कानाला मदत म्हणून वेग निम्मा करावा, सप्तक एक खाली येतं आणि मींड कुठून निघाली ते कळतं.

प्रत्येक वेगळ्या लकेरीला एक अक्षर द्यायचं: क, ख, ग. मग नुसती अक्षरं आणि मधले सेकंद एका ओळीत लिहीत जायचं. क ३.५ ख ३.२ क ४ ग, अशा धर्तीवर. अर्ध्या तासाची अशी पट्टी झाली की पक्षी काय करतोय ते दिसू लागतं: एखादी लकेर तो राखून ठेवतो, दुसरीची शेपटी तोडून तिसरीला जोडतो. शेजारचा पक्षी वेगळ्या लकेरी गातो, आणि तोच पक्षी पुढच्या वसंतात साठा बदलून येतो, हे टेलर यांनी दाखवलंय. त्यामुळे ‘पाइड बुचरबर्डचं गाणं’ अशी एकच चाल कुठल्याही वहीत सापडणार नाही. मोजायची ती या पक्ष्याची ही रात्र.

सरगममध्ये लिहायला हरकत नाही, आपल्याला ते सोयीचंही पडतं. षड्ज मात्र पक्ष्याच्या वारंवार येणाऱ्या स्वरावर धरावा, आपल्या हार्मोनियमवर नव्हे. आणि तीन स्वर जुळले की राग ओळखायची घाई करू नये, पुढची लकेर तो राग मोडते.

ऑर्केस्ट्रासाठी लिहिताना कस लागतो तो इथेच. समजा एक लांब स्वर १५१० हर्ट्झवर आहे. काळी तीन त्या सप्तकात १४८० ला येते आणि त्यावरची पांढरी पाच १५६८ ला. म्हणजे पक्षी काळी तीनपेक्षा सुमारे ३५ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). मुद्रण वाद्यांबरोबर वाजवायचं असेल तर सोपी पळवाट म्हणजे संगणकाने पक्ष्यालाच खाली ओढणं. तसं केलं की कंठाचा पोत बिघडतो, आणि ज्याला रचनाकार मानलं त्याच्याच स्वरावर कात्री लागते. वाद्यं बदलावीत. व्हायोलिन, चेलो आणि ट्रॉम्बोन ३५ सेंट सहज वर सरकतात, रेकॉर्डर-बासरी फुंकीने आणि अर्धं भोक झाकून सरकवता येते. मरिंबा, व्हायब्राफोन आणि पियानो जागचे हलत नाहीत, त्यांना त्या स्वरावर ठेवू नये, आधी किंवा नंतर ठेवावं. विराम स्वरलिपीत विश्रांतीच्या चिन्हांनी लिहिले तर संचालक ते मात्रांत मोजतो आणि ३.२ सेकंदांचे तीन होतात. सेकंद आकड्यात लिहावेत आणि संचालकाच्या कानात मूळ मुद्रण चालू ठेवावं, म्हणजे पुढची उचल पक्षीच देतो.